कोपऱ्यातले पंचवीस

चाळीसगावात रविवारची जेवणं उरकली की भाच्याचा व्हिडिओ कॉल येतो. यंदा तो दहावीला आहे. परवा वही कॅमेऱ्यासमोर धरून त्यानं विचारलं, "मावशी, दोन्ही बाजूंना पंचवीसच का मिळवायचे?"

समीकरण होतं क्ष² + १०क्ष = ३९. क्लासमध्ये त्याला उत्तर मिळालं होतं, "क्षच्या सहगुणकाच्या निम्म्याचा वर्ग. पाठ करून टाक."

हाच प्रश्न गेल्या वर्षी इथे श्टुटगार्टला माझ्या नववीतल्या लेकीनं विचारला होता. घोकंपट्टी इथेही आहे. दक्षिण जर्मनीत वर्गसमीकरणाच्या सूत्राला 'मध्यरात्रीचं सूत्र' म्हणतात, कारण झोपेतून उठवलं तरी ते म्हणता आलं पाहिजे. पण शाळा सुटल्यावर एका रिकाम्या वर्गात अकरावीतली एक मुलगी थोड्या पैशांत लेकीला शिकवायची. तिनं सूत्र बाजूला ठेवलं आणि चौकटीच्या कागदावर चौरस काढला. मी भाच्याला तोच काढायला लावला.

आधी क्ष बाजूचा चौरस. मग १०क्षचे दोन भाग, म्हणजे ५ रुंदीच्या दोन पट्ट्या, एक उजवीकडे, एक खाली. सगळ्याचं मिळून क्षेत्रफळ ३९. आकृती जवळजवळ चौरस झाली, फक्त खालचा उजवा कोपरा मोकळा राहिला. त्यानं बोटानं मोजलं, पाच बाय पाच. "पंचवीस!" कोपरा भरला की ३९ आणि २५ मिळून ६४, मोठ्या चौरसाची बाजू ८, त्यातून ५ गेले की क्ष ३. दुसरं मूळ उणे १३, ते चित्रात दिसत नाही, कारण लांबी उणे नसते; त्यासाठी (क्ष + ५)² = ६४ कडे परत यावं लागतं. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिज्मीनं हेच समीकरण असेच चौरस काढून सोडवलं होतं.

या सगळ्याला वीस मिनिटं लागली. आपल्याकडच्या वादात मला ही वीस मिनिटं कुठेच सापडत नाहीत. २०२४ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यात असं सुचवलं गेलं की दहावीला गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी अकरावीला जाऊ द्यावं, मात्र गुणपत्रिकेवर शेरा मारावा आणि पुढे गणित-विज्ञानाची वाट बंद. एक बाजू म्हणाली दर्जा घसरेल, दुसरी म्हणाली मुलांवरचं ओझं उतरेल. त्याच वर्षी केंद्रानं सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंग क्लासमध्ये घेऊ नये अशी मार्गदर्शक तत्त्वं काढली. ठीक आहे, पण क्लास बंद झाल्यावर अडलेल्या मुलानं जायचं कुणाकडे?

त्या शेऱ्याला माझा विरोध आहे, आणि तो इथे राहून जास्त पक्का झालाय. इथे चौथीनंतर, जेमतेम दहाव्या वर्षी, मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागली जातात. नंतर शाळा बदलता येते, पण ते किती अवघड असतं ते मी शेजारच्या घरात पाहिलंय. पंधराव्या वर्षी असंच दार आपण स्वतःहून बंद करू नये. शिकवणीचं म्हणाल तर ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांनाच ती सहज मिळते, हे दोन्हीकडे सारखंच. तरी वरच्या वर्गातल्या मुलानं खालच्या मुलाला शाळेच्याच वर्गात बसून शिकवायचं, ही रीत आपल्याला सहज उचलता येईल. अकरावी-बारावीची मुलं गावोगाव आहेत, दुपारनंतर वर्गही रिकामे असतात. त्या मुलांना तासाचे पैसे शाळेनं द्यावेत, पालकांनी नव्हे. गणिताच्या एका शिक्षकानं लक्ष ठेवावं.

काल रात्री भाच्याचा फोटो आला. समीकरण २क्ष² + १२क्ष = ३२. त्यानं क्ष बाजूचे दोन चौरस शेजारी शेजारी काढले होते आणि खाली लिहिलं होतं, "मावशी, आता पट्ट्या कुठे लावू?"