खड्डा ‘पडला’ म्हणायचं बंद करूया का?

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारातून माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या मांडवाचं) सामान घेऊन येत होते. स्कूटरच्या हुकाला पिशवी, पायाशी नारळाची पेंड (घड). पाऊस नुकताच थांबलेला, त्यामुळे डबकं कुठलं आणि खड्डा कुठला, कळायला मार्ग नाही. पुढचं चाक आत गेलं आणि मी आडवी. कवंडळं, आंबाडे, सुपारीचं शिपटं, सगळं रस्त्यावर. भलंमोठं तोरिंग (लिंबाच्या जातीचं फळ) घरंगळत थेट गटारात. फुलं विकणारी मावशी धावत आली, “बाये, लागलें गो? काल ह्याच फोंडांत आनीक दोगां पडलीं.”

गुडघा सोलवटला, बाकी काही नाही. पण ‘फोंड’ डोक्यात बसला. मी घरात मराठी, बाजारात कोकणी बोलणारी. कोकणीत रस्त्यावरचा तो फोंड आणि माणसाला पुरतात तोही फोंडच. त्यापुढे आपला खड्डा फारच साळसूद वाटतो.

मग शब्दांच्याच मागे लागले. इंग्रजीतला ‘पॉटहोल’ मूळचा रस्त्यावरचा नव्हे. एकोणिसाव्या शतकात तो नदीपात्रातल्या खळग्यांसाठी वापरात होता, रस्त्याला चिकटला विसाव्या शतकात. (कुंभार लोक रस्त्याखालची माती काढून न्यायचे म्हणून ‘पॉट’, ही गोष्ट फिरत असते. छान आहे, पण मला पटत नाही.) गंमत म्हणजे त्या मूळ अर्थाला मराठीत अगदी नेमका शब्द आहे: रांजणखळगा. पारनेर तालुक्यात निघोजला कुकडीच्या पात्रात ते बघायला मिळतात. पुराच्या भोवऱ्यात दगडगोटे गरगर फिरतात आणि काळ्या कातळात रांजण कोरला जातो. कुकडीला त्यासाठी हजारो वर्षं लागली. आमच्या रस्त्याला एक जून पुरतो.

नदीतला खळगा मात्र खरोखर आपसूक होतो. रस्त्यावरच्यालाही आपण तेच क्रियापद लावतो. पाऊस पडला, खड्डा पडला, बाई पडली. सगळं आपोआप! वर्तमानपत्रात ‘रस्त्याची चाळण’ येते, ‘खड्ड्यांचं साम्राज्य’ येतं, पण त्या साम्राज्याला सम्राट काही सापडत नाही. (आणि चाळणीची भोकं एकसारखी असतात हो. तेवढं काम तरी नीट झालेलं असतं.)

खड्डा पाडला जातो. रस्त्याला दोन्ही बाजूंना ढाळ नसला की पाणी साचतं. गटार मातीने भरलेलं असलं की साचलेलं पाणी जायला वाट नाही. ते भेगेतून खाली उतरतं, डांबर खडीला सोडायला लागतं, आणि वरून जाणारं प्रत्येक चाक आतलं पाणी दाबून बारीक माल बाहेर फेकतं. वरचा थर पोकळ होतो आणि एक दिवस खचतो. त्यात कुणीतरी केबलसाठी चर खणून लाल माती ढकलून गेलेलं असतं. चवथ जवळ आली की चिऱ्यांचे तुकडे आणि खडी टाकून ‘बुजवला’ म्हणतात, दोन सरींत पुन्हा तेच. खरं पॅचवर्क म्हणजे कडा घट्ट लागेपर्यंत चौकोनी कापायचं, साफ करून कोरडं करायचं, डांबर मारायचं, हॉटमिक्स (गरम डांबर-खडी) भरून रोलर फिरवायचा. ह्यातलं काय काय कुणी केलं नाही, ते विचारता येतं. ‘पडला’ म्हटलं की विचारायची सोयच उरत नाही.

कायद्याला मात्र कर्ता सापडलाय. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८अ आलं. रस्त्याचं डिझाईन, बांधकाम, देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्यामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड. माझ्या गुडघ्याला त्याचा उपयोग नाही, तोरिंगाला तर नाहीच.

चवथ झाल्यावर अर्ज घेऊन सरकारी कचेरीत गेले. सवयीने मीच लिहिलं होतं, ‘रस्त्यावर मोठा खड्डा पडला आहे’. तिथे बाकावर बसूनच ‘पडला’ खोडलं, वर ‘पाडला’ लिहिलं. खिडकीतल्या माणसाने वाचलं, चष्मा वर केला.

“बाय, कोणें पाडलो?”

“तेंच विचारूंक आयल्यां.”

त्याने शिक्का मारला, पोच दिली. काल पुन्हा तिथून गेले. खड्ड्यात कुणीतरी माडाचं चुडत (झावळी) उभं खोवून ठेवलंय.