लॅबिरिन्थवर चालणे कॅथलिक श्रद्धेत बसत नाही? त्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

लॅबिरिन्थ म्हणजे जमिनीवर आखलेली, वळणे घेत मध्यापर्यंत जाणारी एकच वाट. तिच्यावर प्रार्थना करत चालू नये, असा एक संदेश कॅथलिक गटांत वारंवार फिरतो. त्यातले दावे असे: ही गोष्ट ख्रिस्तसभेत कधीच नव्हती, 1990 च्या दशकात न्यू एजवाल्यांनी (निरनिराळ्या धर्मांतल्या आणि गूढ कल्पनांची सरमिसळ करणाऱ्या आधुनिक चळवळीने) ती घुसवली; आकृती मूर्तिपूजकांची आहे; तिचा हेतू ‘ऊर्जा’ मिळवण्याचा आहे; आणि ख्रिस्तसभेने तिला मनाई केली आहे. संदेशामागची कळकळ खरी आहे. दावे मात्र जसेच्या तसे टिकत नाहीत.

‘कधीच नव्हती’ हा पहिला दावा. अल्जीरियातल्या आजच्या श्लेफ गावी 324 साली पायाभरणी झालेल्या चर्चच्या फरशीवर मोझेइकचा लॅबिरिन्थ होता. त्याच्या मध्यभागी ‘सांक्ता एक्लेसिया’, म्हणजे पवित्र ख्रिस्तसभा, ही अक्षरे पुन्हा पुन्हा गुंफलेली आहेत. फ्रान्समधल्या शार्त्र कॅथेड्रलचा लॅबिरिन्थ 13व्या शतकाच्या आरंभीचा: व्यास सुमारे 12.9 मीटर, 11 फेरे, वाटेची लांबी सुमारे 260 मीटर. फ्रान्समधल्याच आमिएँ कॅथेड्रलचा 1288 चा.

सगळ्यात बोलका पुरावा फ्रान्समधल्याच ओसेरचा आहे. तिथल्या कॅथेड्रलमध्ये ईस्टरच्या दिवशी डीन आणि कॅनन मंडळी, म्हणजे कॅथेड्रलचे प्रमुख धर्मगुरू आणि त्यांचे सहकारी, लॅबिरिन्थवर फेर धरत, एकमेकांकडे चेंडू टाकत आणि ‘विक्तिमे पास्काली लाउदेस’ गात. हेच गीत आजही ईस्टरच्या मिस्सात शुभवर्तमानाआधी येते. ओसेरची ही रीत 1538 मध्ये बंद झाली. 1990 च्या दशकाशी नाते आहे ते फक्त आजच्या लाटेचे. सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथेड्रलमधून, म्हणजे कॅथलिक नसलेल्या एपिस्कोपल चर्चमधून, ती पसरली आणि तिच्यासोबत बरीच न्यू एज भाषाही आली. संदेश लिहिणाऱ्यांची शंका तिथून येते, आणि तेवढ्यापुरती ती रास्त आहे.

बाजू घेणारेही एक चूक करतात, तीही इथेच खोडली पाहिजे. ‘जेरुसलेमला जाऊ न शकणारे मध्ययुगीन यात्रेकरू गुडघ्यांवर लॅबिरिन्थ पार करून इंडल्जन्स (पापाच्या ऐहिक शिक्षेतून ख्रिस्तसभेने दिलेली सूट) मिळवत’ असे सर्रास लिहिले जाते. याला मध्ययुगातला एकही पुरावा नाही. जेरुसलेमची वाट घरबसल्या चालण्याची खरी भक्ती म्हणजे क्रुसाची वाट, येशूच्या दुःखसहनाच्या एकेका प्रसंगापाशी थांबत केलेली प्रार्थना. तिची 14 स्थाने पोप बाराव्या क्लेमेंट यांनी 1731 मध्ये निश्चित केली आणि तिला इंडल्जन्स जोडलेला आहे. लॅबिरिन्थला तसा कोणताही इंडल्जन्स नाही, आणि असल्याचे कुणाला सांगूही नये.

‘आकृती मूर्तिपूजकांची’ हे खरे आहे. ती ख्रिस्तापेक्षा कितीतरी जुनी आहे. गोव्यात कुशावतीकाठी उसगाळीमळच्या जांभ्या खडकावरही चक्राकार वळणांची प्राचीन कोरीव आकृती आहे. शार्त्रच्या मध्यभागी पूर्वी थीसियस आणि मिनोटॉर (ग्रीक कथेतला वीर आणि त्याने चक्रव्यूहात मारलेला बैलमुखी राक्षस) यांचा धातूचा पत्रा होता, तो 1792 मध्ये निघाला. पण त्या काळचे ख्रिस्ती थीसियसमध्ये मृत्यूच्या गुहेत उतरून सैतानाला हरवणारा ख्रिस्त पाहत होते. ओसेरचा फेर ईस्टरच्या दिवशी असण्याचा अर्थही असाच लावला जातो. पोप ग्रेगरी थोर यांनी 601 मध्ये इंग्लंडमधल्या मिशनऱ्यांना कळवले होते की मूर्ती मोडाव्यात, पण मंदिरे भक्कम असतील तर शुद्ध करून खऱ्या देवाच्या उपासनेला वापरावीत.

मनाईचा मुद्दा लवकर संपतो. रोमने असा आदेश काढलेला नाही. शार्त्रमध्ये, बिशपांच्या कॅथेड्रलमध्येच, उपवासकाळापासून शरद ऋतूपर्यंत शुक्रवारी खुर्च्या हटवून वाट मोकळी करतात. कॅटेकिझमच्या, म्हणजे ख्रिस्तसभेच्या अधिकृत धर्मशिक्षण-ग्रंथाच्या, 1674व्या परिच्छेदात लोकभक्तीच्या यादीत यात्रा, मिरवणुका आणि धार्मिक नृत्येही आहेत.

राहिला ‘ऊर्जे’चा दावा, आणि खरी कसोटी हीच. वाटेत काही शक्ती आहे, ठरावीक फेरे पुरे केले की काही आपोआप घडते, असे मानणे म्हणजे अंधश्रद्धा. कॅटेकिझम 2111 तेच सांगते: आतली वृत्ती बाजूला ठेवून केवळ बाह्य कृतीला फळ चिकटवणे. चालताना आलेली शांतता म्हणजे पवित्र आत्म्याचे सांत्वन असे धरून चालू नये, हा इशारा 1989 च्या ध्यानप्रार्थनेवरच्या रोमच्या पत्रातही आहे. त्यामुळे धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) हे करायचेच असेल तर प्रार्थना आधी ठरवा, आखणी नंतर.

सात फेऱ्यांसाठी सुमारे साडेदहा मीटर व्यासाची जागा पुरते. मध्ये खुंटी ठोका आणि दोरीला 90, 150, 210, 270, 330, 390, 450 व 510 सेंटिमीटरवर गाठी मारा. प्रत्येक गाठीवर फक्कीने एक वर्तुळ आखा, म्हणजे 60 सेंटिमीटर रुंदीची वाट मिळते. मग सात फेऱ्यांच्या लॅबिरिन्थचा छापील नमुना हातात धरून वळणांच्या जागी फक्की पुसा आणि आडव्या रेघा ओढा. दोरी खुंटीला घट्ट बांधली तर ती गुंडाळत आखूड होते आणि वर्तुळ जुळत नाही, म्हणून सैल फास घाला. नायलॉनची दोरी ताणते, कमी ताणणारी पॉलिएस्टरची दोरी बरी. ही वाट सुमारे 130 मीटर भरते.

क्रुसाची खूण करून आत शिरताना रोझरीच्या, म्हणजे जपमाळेच्या, पाच रहस्यांपैकी दोन, मध्यभागी उभे राहून तिसरे, परतताना उरलेली दोन, असे बेताचे बसते. दोघांमध्ये एक मिनिटाचे अंतर ठेवले तर आत जाणारे सहा-सात जणच एका वेळी वाटेवर असतात. परतणाऱ्याने थांबून येणाऱ्याला जागा द्यावी. बाजूच्या पट्ट्यात पाऊल टाकले की दिशा हरवते: माणूस एक तर प्रवेशापाशी परततो किंवा फार लवकर मध्यावर पोहोचतो, आणि जपाचा हिशेब मोडतो. असे झाले तर घाबरायचे कारण नाही, जप चालू ठेवावा. वाट चुकल्याने प्रार्थना बिघडत नाही, हे आधीच सर्वांना सांगून ठेवा.

मिस्सा किंवा पवित्र साक्रामेंताची आराधना चालू असताना हे ठेवू नका, आणि पापनिवेदनाला पर्याय म्हणून तर कधीच नाही. गुडघे दुखणाऱ्यांसाठी आणि चक्कर येणाऱ्यांसाठी लाकडी फळीवर बोट फिरवण्याजोगी खाचांची वाट कोरून घ्या. इटलीत लुक्काच्या कॅथेड्रलमध्ये पोर्चच्या भिंतीवर अशीच आकृती आहे, आणि तिच्या खाचेतून बोट फिरवता येते.