मावशीने बोर्डाची तारीख सोडली

मावसभावाला बारा वर्षं स्किझोफ्रेनिया आहे. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी बऱ्याच खटपटीने वैद्यकीय बोर्डाची तारीख मिळाली होती, आणि मावशी त्याला घेऊन गेलीच नाही. का, तर आदल्या रात्री भिशीच्या ग्रुपवर मेसेज आला: ‘सावधान! आता डिप्रेशनची गोळी घेणाराही दिव्यांग. पाचशे रुपयांत सर्टिफिकेट. खऱ्या अपंगांच्या नोकऱ्या जाणार. आणि एकदा कार्ड निघालं की सरकारदरबारी वेडा अशी नोंद, मग मतदान नाही, सातबाऱ्यावर नाव नाही.’

शेवटचं आधी घेतो, कारण मावशीची झोप त्यानेच उडवली. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017, कलम 3, पोटकलम 5. तिथे स्वच्छ लिहिलंय की नुसता मानसिक आजार आहे एवढ्यावरून कुणाला मनोविकल, म्हणजे कायद्याच्या भाषेत वेडा, समजता येत नाही. तसं सक्षम न्यायालयाने जाहीर करावं लागतं. मतदार यादीसाठीही तेच, 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात न्यायालयाचीच अट आहे. बोर्ड म्हणजे कोर्ट नव्हे. ते टक्केवारी लिहून देतं, कुणाचं नाव कापत नाही. उलट ज्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली हे कार्ड मिळतं, त्याचं कलम 13 म्हणतं की दिव्यांग व्यक्तीला मालमत्ता बाळगण्याचा, वारशाने मिळवण्याचा आणि आपले पैशांचे व्यवहार सांभाळण्याचा इतरांइतकाच हक्क आहे. म्हणजे जो कायदा सातबारा राखतो, त्याच्याच नावाने सातबारा जाण्याची भीती घातली. हे लिहिणाऱ्याच्या घरात असा पेशंट नसावा. असला तर त्याचं काय होत असेल, देव जाणे.

‘आता’ हा शब्दही खोटा. मानसिक आजार 1995 च्या जुन्या दिव्यांग कायद्यातल्या यादीतही होता.

गोळीचं म्हणाल, तर गोळीला टक्के नसतात. स्वतःची निगा, माणसांतला वावर, बोलणं-समजणं आणि काम, या चार गोष्टींत किती अडचण येते त्याचे प्रत्येकी शून्य ते चार गुण, वर आजार किती वर्षांचा त्याचे जास्तीत जास्त चार. वीसपैकी किमान सात झाले तर 40 टक्के, आणि सवलती तिथून पुढे. दोन महिने गोळी घेऊन रोज ऑफिसला जाणारा तिथवर पोचत नाही.

नोकऱ्या? पूर्वी आरक्षण 3 टक्के होतं: अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग यांना एकेक. 2016 मध्ये ते 4 झालं. वाढलेल्या एका टक्क्यात स्वमग्न, बौद्धिक अक्षम, अध्ययन अक्षम, मनोरुग्ण आणि बहुदिव्यांग सगळे दाटीवाटीने बसलेत. मानसिक आजारवाल्यांनी कुणाच्या ताटातलं काही उचललेलं नाही.

पाचशे रुपयांचं मात्र अर्धं मान्य करावं लागतं. खोटी प्रमाणपत्रं निघतात. 2024 मध्ये पुण्यातल्या प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून रान उठलं. पण पकडायचं खोट्याला. त्यापायी बारा वर्षांची फाईल घरी का ठेवायची?

मावशी, नव्या तारखेसाठी मी अर्ज करतो. तू फक्त केसपेपर वर्षाप्रमाणे लावून ठेव. आणि ज्या भिशीत तो मेसेज आला, तिथे हाही टाक.