लाल दिवा पेटला नाही म्हणून इंजिन वाचत नाही

गुरगावला नोकरी करणाऱ्या भाच्याने परवा एक फॉरवर्ड पाठवला. खाली लिहिलेलं, "मामा, एवढं करूनच बुद्धला जातोय." बुद्ध म्हणजे ग्रेटर नोएडाचं सर्किट, ट्रॅक डेला, म्हणजे हौशी लोकांना सर्किटवर गाडी पळवू देतात त्या दिवशी, तो आपली टर्बो हॅचबॅक तिथे नेणार आहे. फॉरवर्डमध्ये चार उपदेश आहेत: जाड ऑइल भरा, डिपस्टिकच्या खुणेवर लिटरभर जादा ओता, ऑइल पंपाच्या रिलीफ व्हॉल्व्हच्या (जादा प्रेशर सोडून देणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगखाली वॉशर टाकून प्रेशर वाढवा, आणि ऑइलचा लाल दिवा लागत नाही तोवर बिनधास्त दामटा. साहेबांनी २०डब्ल्यू५० ऑइलचा (२०डब्ल्यू हा थंडीतला जाडपणा, ५० तापल्यावरचा) डबा आणूनही ठेवलाय.

शेवटचं आधी घेतो, कारण इंजिनं त्यानेच जातात. तो दिवा म्हणजे मीटर नव्हे, साधा स्विच आहे. बहुतेक गाड्यांत तो ०.३ ते ०.५ बारच्या (बार हे प्रेशरचं माप) आसपास पेटतो, म्हणजे आयडलपुरतंही प्रेशर उरलं नाही तेव्हा. त्याच इंजिनाला ६००० आरपीएमला चारेक बार लागतात, कारण फिरत्या क्रँकच्या बाहेर फेकणाऱ्या ओढीविरुद्ध ऑइलला आत शिरून मग बिग एंडच्या, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथल्या, बेअरिंगपर्यंत पोचायचं असतं. वळणात प्रेशर चारावरून एकावर आलं तरी दिवा ढिम्म! आणि ६००० आरपीएमला क्रँक सेकंदाला १०० फेरे मारतो. दिवा पेटेपर्यंत बेअरिंगचा करडा थर घासून खालचं तांबं उघडं पडलेलं असतं, मग खटखट, मग इंजिन खोला.

वळणातच प्रेशर का पडतं, याबद्दल फॉरवर्डमध्ये अवाक्षर नाही. चिकट टायरवर गाडी एक जीने वळली, म्हणजे बाजूची ओढ गुरुत्वाकर्षणाइतकी झाली, की चेंबरमधल्या (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यातल्या) ऑइलचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. ऑइल एका भिंतीवर चढतं, पंपाच्या तोंडाची जाळी म्हणजे स्ट्रेनर उघडा पडतो आणि पंप हवा ओढतो. बुद्धवरच्या दहा-अकरा नंबरच्या लांबलचक वळणात हे डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपत नाही, सेकंदामागून सेकंद चालतं. सरळ पट्ट्यावर मीटरने पाच बार दाखवले तर त्याचं काय लोणचं घालायचं?

जाड ऑइलच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, हे नाइलाजाने मान्य. एसएई जे३०० या प्रमाणानुसार १०० अंश सेल्सिअसला ३० ग्रेडचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (जाडपणाचं माप) असतं आणि ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९. ट्रॅकवर ऑइल १३० अंशांवर गेलं, की ५०चं ऑइल जवळजवळ १०० अंशांच्या ३०इतकं पातळ होतं. म्हणूनच फोर्डने २०१२च्या मस्टँग बॉस ३०२ला ५डब्ल्यू५० दिलं. पण त्याच इंजिनाला ऑइल कूलर आणि सुधारलेल्या बॅफलचा (ऑइलला एका बाजूला पळू न देणाऱ्या आडव्या पत्र्यांचा) चेंबरही दिला, तेवढं मात्र फॉरवर्डवाल्याने सोयीस्कर गाळलं. स्ट्रेनरपाशी ऑइलच नसेल तर जाड काय नि पातळ काय. उलट जाड ऑइल इंजिनाच्या वरच्या भागातून, हेडमधून, सावकाश खाली येतं, म्हणजे चेंबर आणखी रिकामा. शिवाय त्याच जे३००नुसार तापल्यावर ५डब्ल्यू५० आणि २०डब्ल्यू५० एकाच पट्ट्यात बसतात. फरक थंड इंजिनात. दिल्लीकडच्या जानेवारीच्या सकाळी २०डब्ल्यू कशाला?

लिटरभर जादा ऑइल? गाडीच्या मॅन्युअलमध्ये ट्रॅकसाठी तसं लिहिलं असेल तरच. एरवी क्रँक ते घुसळतो, फेस होतो, आणि ब्रीदरवाटे (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीवाटे) ऑइल इनटेकमध्ये जाऊन टर्बो पेट्रोल इंजिन नॉक करायला, म्हणजे इंधन अवेळी भडकून ठोके द्यायला लागतं. वरच्या खुणेपर्यंत भरा, बस. वॉशरबद्दल काय बोलणार: हवा ओढणाऱ्या पंपाची स्प्रिंग कडक करून हवेचं ऑइल होत नाही, थंड इंजिनात फिल्टरचं सील मात्र फाटू शकतं.

भाच्याला सांगितलं ते असं. खरा प्रेशर मीटर लाव आणि त्याची वॉर्निंग चढ्या आरपीएमला तीन बारच्या खाली वाजेल अशी ठेव. चेंबरमध्ये बॅफल बसव, कूलर घाल. तरीही वळणात काटा पडत असेल तर अ‍ॅक्युसंपसारखी प्रेशरखाली ऑइल साठवून ठेवणारी टाकी. पोर्शे ९११ला पहिल्यापासून ड्राय संप (तळाच्या चेंबरऐवजी वेगळ्या टाकीत ऑइल ठेवण्याची रचना) आहे, पण ते भाच्याच्या बजेटचं काम नाही. वळणात काटा पडला की थ्रॉटल सोड, लॅप टाइम गेला खड्ड्यात. आणि दिवस संपल्यावर फिल्टर कापून आतला कागद उन्हात पसरून बघ. तांब्याची चमक दिसली तर गाडी ट्रेलरवर चढवायची, चालवत गुरगावला आणायची नाही.