तोडलाच आहे तर

जुना ट्रॅक्टर विकणारी माणसे इंजिनापेक्षा रंगावर अधिक भरवसा ठेवतात. मी घेतलेला 35 एचपीचा ट्रॅक्टर पोळ्याच्या बैलासारखा रंगवलेला होता आणि त्या तांबड्या रंगाखाली ग्रीस भरायची निपलेसुद्धा बुजलेली पाहून मी रंगाऱ्याच्या सढळ हाताचे कौतुक केले. त्या निपलांना ग्रीसगन लागून किती वर्षे लोटली असतील, हा विचार पैसे मोजून झाल्यावर सुचला. किती तास काम झाले ते दाखवणारे मीटर बंद होते. “मीटर बिघडलंय, इंजिन नाही,” असे मालकाने सांगितले आणि त्यातले निम्मे खरे निघाले.

नेवाशाकडच्या काळ्या जमिनीला वाफसा येतो तो मोजक्या दिवसांपुरता. आधी शिरावे तर चाके रुततात, उशीर करावा तर ढेकळे निघतात. ऐन रब्बीच्या तोंडावर, नांगर जमिनीत गेला की आमचे इंजिन जिवाच्या आकांताने ओरडे आणि चाके जागची हलत नसत. बांधावर लगेच पंचायत बसली. धूर निळा असेल तर ऑइल जळते, काळा असेल तर पंप डिझेल जास्त सोडतो आणि पांढरा असेल तर डिझेल नीट जळत नाही, असे तीन पक्ष पडले. ट्रॅक्टरने तिन्ही धूर आळीपाळीने सोडून कोणालाच नाराज केले नाही.

मिस्त्रींचे निदान चौथेच होते. “क्लच प्लेट गेली, दादा. इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचेना. मधून तोडावा लागेल.” ट्रॅक्टरला ट्रकसारखी वेगळी चासी नसते, इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल एकमेकांना बोल्टांनी आवळलेले असतात आणि तोच त्याचा सांगाडा असतो. त्यामुळे 11 इंची प्लेट बदलण्यासाठी अख्ख्या यंत्राचे दोन तुकडे करावे लागतात, आणि एकदा तुकडे झाले की मिस्त्रींचे लाडके वाक्य सुरू होते. तोडलाच आहे तर रिलीज बेअरिंग बदलून घेऊ. तोडलाच आहे तर ऑइल सील टाकू. तोडलाच आहे तर फ्लायव्हील लेथवर नेऊन आणू. यातली प्रत्येक सूचना इतकी रास्त असते की भांडायलाही जागा राहत नाही.

खंडेनवमीला ट्रॅक्टर वर्कशॉपमध्येच होता, पुढचा भाग लाकडी ठोकळ्यांवर आणि मागचा जॅकवर. नारळ एक फोडावा की दोन, या प्रश्नावर बराच खल झाला. शेवटी सौभाग्यवतींनी दोन फोडले आणि पेरणीला शेजाऱ्याचा ट्रॅक्टर एकरी भाड्याने लावून टाकला.

आता तो जोडून झाला आहे आणि विकायला काढला आहे. परवा एक गिऱ्हाईक आले, भोवती फिरले, बॉनेट न उघडताच खाली बसले आणि त्यांनी भाव विचारला तो फक्त मागच्या दोन टायरांचा.