१९७१ च्या युद्धाच्या बातम्या स्मिता पाटील यांनी दिलेल्या नाहीत

गेल्या रविवारी सकाळी आमच्या मोठ्या काकूंनी घरच्या व्हॉट्सअॅप गटावर स्मिता पाटील यांच्याविषयीचा एक लांबलचक मजकूर टाकला. अशा मजकुरांकडे मी एरवी काणाडोळा करतो. त्याच दिवशी संध्याकाळी मात्र भाची वही घेऊन आली, आणि शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेसाठी तिने तोच मजकूर जवळजवळ जसाच्या तसा उतरवून घेतल्याचे दिसले. पानाच्या मधोमध ‘१९७१’ हा आकडा होता आणि त्याखाली लाल पेनाने दोन रेघा ओढलेल्या होत्या, कारण ‘तिथे आवाज चढवायचा आहे’. त्या दोन रेघा पाहिल्यावर गप्प बसणे शक्य नव्हते.

मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे. स्मिता पाटील या भारतीय दूरचित्रवाणीवरच्या पहिल्या महिला वृत्तनिवेदिका होत्या. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या बातम्या त्यांनी मुंबई दूरदर्शनवरून दिल्या आणि त्या पाहूनच श्याम बेनेगल यांनी त्यांना चित्रपटात घेतले. हे काम त्यांना कोणतीही चाचणी न देता, मंत्री असलेल्या वडिलांच्या एका फोनवर मिळाले. त्या जीन्सवर साडी गुंडाळून बातम्या देत. त्यांच्या बातम्यांच्या वेळी महाराष्ट्रातली गावेच्या गावे चावडीवर जमत. आणि १९८४ साली इंदिरा गांधी यांच्या हत्येची बातमी त्यांनीच डोळ्यांतले पाणी आवरत देशाला सांगितली. मजकुराखाली लिहिणाऱ्याचे नाव नाही, ‘अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा’ एवढी आज्ञा मात्र आहे. या सहा विधानांपैकी एक निखळ खरे आहे, एकदोन अर्धवट खरी आहेत आणि उरलेली खोटी आहेत.

‘पहिल्या’ या शब्दाचा निकाल लवकर लागतो. आपल्याकडे दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले, आणि १९६५ साली तिथे रोजची सेवा सुरू झाल्यावर पाच मिनिटांचे जे बातमीपत्र आले ते प्रतिमा पुरी या महिलेनेच वाचले. तेव्हा स्मिता पाटील दहा वर्षांच्याही नसतील. मुंबईपुरते बोलायचे, तर पहिले मराठी वृत्तनिवेदक म्हणून डॉ. विश्वास मेहेंदळे यांचे नाव घेतले जाते. जानेवारी २०२३ मध्ये ते गेले, तेव्हा हीच ओळख सर्वत्र छापून आली होती. मुंबई केंद्राच्या सुरुवातीच्या वर्षांत ज्या मोजक्या चेहऱ्यांनी मराठी बातम्या दिल्या त्यांत स्मिता पाटील होत्या, आणि हा मान पुरेसा मोठा आहे. तो फुगवण्यासाठी प्रतिमा पुरी आणि मेहेंदळे या दोघांना इतिहासातून उठवून लावण्याची काहीच गरज नव्हती.

आता त्या लाल रेघांकडे वळतो. १९७१ चे युद्ध ३ डिसेंबरला सुरू झाले आणि १६ डिसेंबरला ढाक्यातल्या शरणागतीने संपले. मुंबई दूरचित्रवाणी केंद्राचे उद्घाटन झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. म्हणजे ज्या केंद्रावरून या बातम्या दिल्या गेल्या असे सांगितले जाते, ते केंद्र युद्ध संपल्यानंतर साडेनऊ महिन्यांनी सुरू झाले. युद्धाच्या काळात मुंबईकरांनी बातम्या ऐकल्या त्या आकाशवाणीवर आणि वाचल्या त्या वर्तमानपत्रांत, कारण शहरात दूरचित्रवाणीच नव्हती. खुद्द स्मिता पाटील यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ चा. युद्ध झाले तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या, आणि वरळीचे केंद्र सुरू झाले त्या दिवशीही त्यांना सतरावे वर्ष पूर्ण व्हायला पंधरा दिवस बाकी होते. एवढी वजाबाकी न करता हा मजकूर लोकांनी पुढे ढकलला, आणि त्यांत निवृत्त शिक्षक असलेले आमचे एक काकाही आहेत.

तरीही बांगलादेश या मजकुरात मुळात शिरला कसा, याचे मला कुतूहल होते. त्याचा धागा मैथिली राव यांच्या इंग्रजी चरित्रात सापडतो. हे चरित्र २०१५ साली प्रसिद्ध झाले आणि स्मिता पाटील यांच्या निकटच्या माणसांशी बोलून लिहिलेले असल्यामुळे या विषयात मी त्यावर सर्वाधिक विसंबतो. त्यात येणारी हकिकत अशी आहे. ज्योत्स्ना किरपेकर या मुंबई केंद्रावर मराठी बातम्या देत असत आणि त्यांचे पती दीपक किरपेकर हे छायाचित्रकार होते. दीपक यांनी स्मिताची बरीच छायाचित्रे काढली होती. ती केंद्रावर जमिनीवर पसरून ठेवलेली असताना केंद्राचे तेव्हाचे संचालक पी. व्ही. कृष्णमूर्ती यांच्या नजरेस पडली आणि ही मुलगी कोण, अशी त्यांनी चौकशी केली. स्मिता जायला तयार नव्हती, ज्योत्स्ना यांनी तिला जवळजवळ ओढत नेले. चाचणीत काहीतरी पाठ म्हणून दाखवायला सांगितले, तेव्हा या मराठी मुलीने म्हणून दाखवले ते बांगलादेशाचे राष्ट्रगीत, ‘आमार सोनार बांग्ला’.

चाचणीतले हे गीतच सांगोवांगी होत युद्धाच्या बातम्या बनले असावे, असा माझा तर्क आहे. तो तर्क बाजूला ठेवला तरी या एका प्रसंगाने मजकुरातली दोन विधाने एकदम निकालात निघतात. युद्धाचे तर झालेच. दुसरे विधान आहे चाचणी न देता, वडिलांच्या फोनवर काम मिळाल्याचे, आणि संपूर्ण मजकुरात मला सर्वांत जास्त खटकले ते हेच, कारण त्याला एक शेरा जोडलेला आहे: ‘बातम्या वाचायला लागते काय? चेहरा आणि ओळख. तेव्हाही तेच, आजही तेच.’ पन्नास वर्षांपूर्वीच्या एका मुलीच्या आडून आज बातम्या देणाऱ्या प्रत्येक बाईवर केलेला हा वार आहे, आणि अभिमानाच्या वेष्टनात गुंडाळल्यामुळे तो कोणाला बोचत नाही. आमची भाची तोच शेरा व्यासपीठावरून म्हणणार होती, आणि तिला स्वतःला मोठेपणी पत्रकार व्हायचे आहे.

यात तथ्याचा जेवढा अंश आहे तेवढा मान्य करायला हवा, जरी ते माझ्या जिवावर येत असले तरी. वडील शिवाजीराव पाटील राजकारणात होते आणि राज्याच्या मंत्रिमंडळातही होते, हे खरे आहे. केंद्राचे दार उघडले ते अर्ज करून नव्हे, ओळखीतून उघडले, हेही खरे आहे. मैत्रीण वृत्तनिवेदिका नसती आणि तिचा नवरा छायाचित्रकार नसता, तर ती छायाचित्रे संचालकांपर्यंत पोहोचली नसती. मात्र मैत्रिणीची ओळख आणि मंत्र्याचा फोन या दोन गोष्टी एक नाहीत. शिवाय मुंबईचे केंद्र राज्य सरकारचे नव्हतेच. १९७६ साली दूरदर्शन वेगळे होईपर्यंत दूरचित्रवाणी हा आकाशवाणीचाच भाग होता आणि आकाशवाणी केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाखाली होती. राज्यातल्या मंत्र्याचा शब्द दिल्लीच्या खात्यात चालतच नाही, असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही, परंतु तसा शब्द टाकला गेल्याचा पुरावा मजकुरात नाही आणि चरित्रातली हकिकत त्याच्या नेमकी उलट आहे. ज्या मुलीला चाचणीसाठी ओढत न्यावे लागले, तिच्यासाठी फोन कोण कशाला करील?

कृष्णमूर्ती यांच्याविषयीही दोन शब्द लिहायला हवेत, कारण शिफारशीच्या आरोपात ते विनाकारण भरडले जातात. नभोवाणीत मुरलेला हा माणूस पुढे १९७६ साली दूरदर्शनचा पहिला महासंचालक झाला. ज्याचा कान आवाजावर तयार झालेला आहे, त्याने छायाचित्र पाहून मुलीला बोलावले तरी निवड करण्याआधी तिचा आवाज ऐकून घेतला, यातच त्या शेऱ्याचे उत्तर आहे.

आणि बातम्या द्यायला लागते काय, हा प्रश्न विचारलाच आहे तर तेही सांगतो. त्या काळी टेलिप्रॉम्प्टर नव्हता. टेलिप्रिंटरवर येणाऱ्या इंग्रजी बातम्यांचे मराठी होऊन जे कागद हातात पडत, त्यांवरूनच वाचायचे असे आणि प्रक्षेपण थेट असल्यामुळे चूक झाली तर ती प्रेक्षकांसमोरच होत असे. वाक्य सुरू होताना नजर कागदावर, अर्ध्यात येईपर्यंत उरलेले शब्द डोळ्यांत साठवून घ्यायचे, मान वर करून ते कॅमेऱ्याकडे पाहत पूर्ण करायचे, आणि पुन्हा खाली पाहताना नेमकी पुढची ओळ सापडायला हवी. ती हुकली की झालेला क्षणभराचा विराम घराघरांत दिसतो. परदेशी नावांचे उच्चार, आकडे आणि इंग्रजीच्या वळणाने लिहिलेली लांब मराठी वाक्ये श्वास न तुटता पेलणे हे पुन्हा वेगळेच. ज्यांना शंका असेल त्यांनी आजच्या वर्तमानपत्रातला एक परिच्छेद आरशासमोर उभे राहून, दर वाक्याला एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांत पाहत, मोठ्याने वाचून पाहावा. मी पाहिला, आणि तिसऱ्या वाक्याला ओळ हरवली.

हे काम केवळ चेहऱ्याचे असते, तर प्रदीप भिडे १९७४ पासून पुढे कित्येक दशके मराठी घरांत आवाजावरून ओळखले गेले नसते, आणि भक्ती बर्वे यांच्यासारख्या रंगभूमीवरच्या कसलेल्या अभिनेत्रीची या कामासाठी निवड झाली नसती. स्मिता पाटील त्यांच्याच पंक्तीत बसल्या होत्या. त्या थोडाच काळ बसल्या, कारण चित्रपटाने त्यांना लवकर उचलले.

बेनेगल यांच्याविषयीचे विधान युद्ध वगळले तर बहुतांशी बरोबर आहे. त्यांनी स्मिता पाटील यांना दूरचित्रवाणीवर बातम्या देताना पाहिले होते आणि ध्वनिमुद्रक हितेंद्र घोष यांनी ओळखीचा दुवा जुळवला. त्यातून १९७५ साली आधी ‘चरणदास चोर’ आणि मग ‘निशांत’ आला. कृष्णधवल पडद्यावर, मेकअपचा थाट नसताना, हा चेहरा आणि हा खर्जाकडे झुकणारा आवाज मराठी न समजणाऱ्यांनाही धरून ठेवत असे, हे त्या काळच्या अनेकांनी सांगितलेले आहे.

जीन्सचे म्हणणे मात्र शंभर टक्के खरे आहे. साडी नेसण्याचा कंटाळा असलेली ही मुलगी जीन्स घालून केंद्रावर यायची, बातम्यांची वेळ झाली की त्यावरच साडी गुंडाळायची आणि कॅमेऱ्यासमोर बसायची. टेबलाखालचे प्रेक्षकांना दिसत नव्हतेच. सहा विधानांतले निखळ खरे ते हेच, आणि वाचणाऱ्याला खोटे वाटेल असेही नेमके हेच आहे.

चावडीवर जमणाऱ्या गावांसाठी फार शाई खर्चण्याचे कारण नाही. वरळीच्या मनोऱ्याची पोच मुंबई आणि आसपासच्या टापूपुरती होती. पुण्याला हे प्रक्षेपण मिळू लागले ते १९७३ साली, सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे खेड्यांपर्यंत दूरचित्रवाणी नेण्याचा जो मोठा प्रयोग झाला, त्यात सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावे होती आणि त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. त्यामुळे विदर्भ-मराठवाड्यातल्या चावड्यांचे मजकुरातले रसभरित वर्णन लिहिणाऱ्याने कल्पनेनेच रंगवलेले आहे.

इंदिरा गांधींचा उल्लेख तर वाचूनच चीड आली. ३१ ऑक्टोबर १९८४ च्या संध्याकाळी दूरदर्शनवरून ती बातमी सलमा सुलतान यांनी दिल्लीहून दिली, आणि ते बातमीपत्र पाहिलेली माणसे आज हयात आहेत. आमच्या काकूही त्यांपैकीच एक. त्या सुमारास स्मिता पाटील यांच्या नावावर अभिनयाचे दोन राष्ट्रीय पुरस्कार जमा झालेले होते, ‘भूमिका’साठी एक आणि ‘चक्र’साठी दुसरा, आणि वरळीच्या स्टुडिओतली ती खुर्ची त्यांनी केव्हाच सोडलेली होती. काकूंना मी फोनवर एवढेच विचारले, ‘काकू, त्या संध्याकाळी पडद्यावर कोण होते ते तुम्ही स्वतः पाहिलेत ना?’ त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘अरे हो, ती गुलाबाचे फूल माळायची ती.’ मजकूर पाठवताना हे त्यांच्या लक्षात आले नव्हते.

भाचीने युद्धाच्या ओळी, चावडी, फोन आणि तो शेरा खोडून टाकला आहे. तीन मिनिटांच्या भाषणात आता चाचणीचा प्रसंग आला आहे, आणि लाल रेघा ‘आमार सोनार बांग्ला’खाली सरकल्या आहेत. जीन्सची ओळ मात्र तिने पहिल्यापासून होती तिथेच ठेवली आहे.