गंजलेला पत्रा म्हणे!

सकाळपासून डोकं फिरलंय. शेजारच्या बागेतलं अँडरसन शेल्टर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात बॉम्बपासून लपायचा पत्र्याचा निवारा, आज तासाभरात उखडून स्किपमध्ये, म्हणजे राडारोड्याच्या मोठ्या लोखंडी पेटीत, फेकलं. घर नव्या मालकाने घेतलंय, त्याच्या लेखी तो नुसता गंजलेला पत्रा, त्याला तिथे लाकडी डेक हवाय. दोन कामगार, एक ग्राइंडर, संपलं. मी कुंपणापाशी नुसती बघत उभी.

इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीत आल्यावर दोन वर्षं मला ते कुदळ-फावडी ठेवायचं खोपटच वाटायचं. कमानीसारखा वाकवलेला पन्हळी पत्रा, अर्धा मातीत. मग एकदा शेजारच्या आजींनी आत नेलं. कोपऱ्यातली मातीची कुंडी उचलून माझ्या हातात उलटी दिली. आतून काळीकुट्ट. "खाली मेणबत्ती लावायची, वर ही पालथी घालायची. हीच आमची शेगडी." १४ नोव्हेंबर १९४० ला शहरावर रात्रभर बॉम्ब पडले तेव्हा त्या ५ वर्षांच्या होत्या. बाहेर काय चाललंय ते आई सांगेना. "कुंडी गार झाली का बघ," एवढंच म्हणत राहिली.

मी आतून बोट फिरवलं. काजळी लागली हो बोटाला!

साडेसहा फूट लांब, साडेचार फूट रुंद, आणि त्यात ६ माणसं. १९३९ पासून सरकारने वाटली ही. वर्षाला २५० पौंडांच्या आत कमाई असेल तर फुकट, नाहीतर ७ पौंड. चार फूट खड्डा मात्र ज्याने त्याने खणायचा, वर सव्वा फूट माती लोटायची. त्या मातीत लोकांनी भाज्या लावल्या. ज्या सर जॉन अँडरसनचं नाव याला आहे तो आधी बंगालचा गव्हर्नर होता, त्याच्याबद्दल मला काडीचं प्रेम नाही. पण आजींच्या बागेतला खड्डा त्यांच्या वडिलांनी खणला होता.

युद्धानंतर बहुतेक पत्रे सरकारने परत नेले. जे उरलेत ते असेच, कुणाच्या तरी परसात. आणि आपण ते ग्राइंडरने कापतोय!

घर त्याचं, बाग त्याची, मान्य. पत्र्याच्या कडा धारदार झाल्या होत्या, घरात लहान मुलं आहेत, तेही मान्य. पण एका शब्दाने विचारायचं ना! आजी मागच्याच हिवाळ्यात गेल्या.

माझी आई १९७१ च्या ब्लॅकआउटचं सांगते. गिरगावातली खोली, काचांना काळे कागद, भोंगा झाला की सगळे अंधारात गप्प. तिला दाखवायला आता काहीच नाही, चाळच राहिली नाही. म्हणून असेल, पण ती कुंडी माझ्या डोक्यातून जाईना.

संध्याकाळी शेवटी दार वाजवलं. कुंडीचं सांगितलं, आजींचंही. तो माणूस जरा वेळ काहीच बोलला नाही. मग आतून टॉर्च घेऊन आला आणि माझ्याबरोबर स्किपमध्ये उतरला. बऱ्याच वेळाने पत्र्यांखाली सापडली. कड फुटलीय.

आत्ता माझ्या ओट्यावर आहे. नवऱ्याने घासायला घेतली होती, हातातून काढून घेतली.